ब्रॉयलर पिल्लांचा पहिला आठवडा: खाद्य, पाणी आणि पुड्या यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कळमेश्वर तालुक्यात माझी दोन शेड आहेत. त्याआधी काही वर्षं सुपरवायझर म्हणून काटोल, सावनेर, उमरेड, हिंगणा असं मोटारसायकलवर फिरलो. नोकरी सुटली, फोन सुटले नाहीत. बॅच टाकायच्या आदल्या रात्री येणारे प्रश्न दरवेळी तेच असतात, म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवलेत.

१. भाऊ, पिल्लू तीन दिवस न खाता राहू शकते म्हणतात. मग खाद्याची इतकी घाई कायले?

राहू शकतं, आणि त्याच जोरावर पिल्लांचे डबे दुसऱ्या राज्यांतून आपल्याकडे येतात. अंडं उबायला २१ दिवस लागतात. त्यातल्या एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जातो. ही त्याची शिदोरी. ती साधारण ७२ तास जीव टिकवते.

पण जीव टिकणं वेगळं आणि वाढ होणं वेगळं. बलकात नुसती चरबी नसते, कोंबडीकडून आलेली रोगाशी लढणारी प्रथिनंही असतात. उपाशी पिल्लू तीसुद्धा इंधन म्हणून जाळतं. पोटात दाणा पडला की आतडं हलायला लागतं आणि बलकही लवकर जिरतो. म्हणजे खाल्लेल्या पिल्लाचा बलक उपाशी पिल्लापेक्षा आधी संपतो. "आधी बलक जिरू द्या, मग खाद्य द्या" हा जुना सल्ला म्हणूनच उलटा आहे. या दिवसांत आतडं अंगापेक्षा वेगानं वाढतं. छातीच्या मांसाच्या पेशी वाढण्याचा काळही हाच असतो. इथे मागे पडलेलं पिल्लू पुढे खाद्य भरपूर खातं, पण विक्रीच्या दिवशी काट्यावर कमी भरतं.

आणखी एक. डब्यावर 'एक दिवसाचं पिल्लू' लिहिलेलं असतं, पण अंडी उबवणाऱ्या एका मशीनमधली सगळी पिल्लं एकाच वेळी निघत नाहीत. पहिलं आणि शेवटचं यांत २४ ते ३६ तासांचं अंतर पडतं. वर मोजणी, लस आणि प्रवास. तुमच्या हातात येणारी काही पिल्लं आधीच दीड दिवसाची उपाशी असतात.

२. गाडी आल्यावर पयले पाणी द्याचं का पयले खाद्य?

पाणी. पण पाणी आणि खाद्य यांत अर्ध्या दिवसाचं अंतर ठेवायची जी पद्धत आहे, ती सोडा. प्रवास चार-सहा तासांचा असेल तर पिल्लं उतरवायच्या आधीच दोन्ही मांडून ठेवा. पिल्लू स्वतः ठरवतं. प्रवास लांबचा असेल, पिल्लांच्या पायाची कातडी सुरकुतलेली आणि पायावरची शीर उठलेली दिसत असेल, तर आधी तासभर-दोन तास फक्त पाणी आणि लगेच खाद्य. प्रत्येक डब्यातल्या दहा-पंधरा पिल्लांची चोच ड्रिंकरमध्ये बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात.

पाणी कोमट म्हणजे २० ते २५ अंशांचं असावं. हिवाळ्यात बोअरचं गार पाणी थेट ओतू नका, उन्हाळ्यात टाकीतलं उकळतं पाणी तर मुळीच नको (प्रश्न ९).

३. गुळपाणी द्यायचं की नाही? किती गूळ?

जवळून आलेल्या, टवटवीत पिल्लांना गरज नाही. थकलेल्या पिल्लांना लिटरला ५० ग्रॅमपर्यंत गूळ किंवा ग्लुकोज, तेही पहिले तीन-चार तासच. नंतर ड्रिंकर धुऊन साधं किंवा इलेक्ट्रोलाइटचं (क्षारांच्या पुडीचं) पाणी.

गूळ पूर्ण विरघळवून कपड्यातून गाळा. माझी पहिलीच स्वतःची बॅच जानेवारीची होती. मायेपोटी मी दोन दिवस गुळपाणीच ठेवलं. पिल्लांची तोंडं आणि छाती चिकट झाली, त्यावर तूस चिकटलं, ड्रिंकरभोवतीची गादी (खाली पसरलेलं तूस) ओली झाली आणि रात्री थंडी कडाक्याची. सकाळी चिक गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) एका बाजूला ढीग लागलेला होता. वरची जिवंत होती. खालची साठ मी मोजली, मग मोजणं सोडलं. गोड पाणी जास्त दिवस दिलं की विष्ठा पातळ होते आणि पोट भरल्यासारखं वाटून पिल्लू खाद्याकडे वळतच नाही.

४. पहिल्या दिवशी मक्याचा भरडाच द्यायचा ना? आमच्याकडे सगळे तेच देतात.

देतात, मीही दिलाय. त्यामागचं कारण अगदीच चुकीचं नव्हतं. पूर्वी पिल्लांचं वेगळं खाद्य मिळत नसे. जाड दाण्याचं, जास्त प्रथिनांचं खाद्य थकलेल्या पिल्लाला दिलं की मागची जागा चिकटायची. मका पचायला हलका, म्हणून तो आधी.

पण मक्यात प्रथिनं आठ-नऊ टक्के असतात आणि पिल्लाला लागतात २२-२३. दोन दिवस मका म्हणजे वाढीच्या सगळ्यात मोलाच्या दोन दिवसांत नुसता भात. चांगलं प्री-स्टार्टर (पहिल्या आठवड्याचं खाद्य, प्रश्न ५) हाताशी असेल तर पहिल्या घासापासून तेच द्या. फारच लांबून आलेल्या पिल्लांना पहिले चार-सहा तास बारीक भरडा दिला तर मी भांडणार नाही. त्यासाठी मका स्वच्छ आणि कोरडा हवा. पावसाळ्यात ओल लागलेल्या मक्याला बुरशी धरते आणि तिचं विष पिल्लाचं लिव्हर पहिल्याच आठवड्यात धरतं.

५. प्री-स्टार्टर आणि स्टार्टर यात फरक काय? स्टार्टरच दिलं तर चालते का?

भारतीय मानकाप्रमाणे (आयएस १३७४) प्री-स्टार्टर पहिल्या सात दिवसांचं, त्यात प्रथिनं २३ टक्के आणि ऊर्जा किलोला ३००० किलोकॅलरी. स्टार्टर आठव्यापासून एकविसाव्या दिवसापर्यंत, २२ टक्के आणि ३१००. आकड्यात फरक थोडाच दिसतो. खरा फरक कच्च्या मालात आणि दाण्यात असतो. एवढ्याशा पिल्लाला चरबी नीट पचवता येत नाही, म्हणून प्री-स्टार्टरमध्ये तेल कमी आणि सोयाबीनची पेंड चांगल्या प्रतीची असावी लागते. दाणा बारीक चुरीचा, म्हणजे क्रम्बल. पीठ झालेलं खाद्य चोचीला चिकटतं आणि जाड पेलेट पिल्लू उचलून टाकून देतं.

स्टार्टर चालतं का? चालतं, जशी एका चाकात हवा कमी असली तरी गाडी चालते. पिल्लामागे पहिल्या आठवड्यात जेमतेम १५०-१७० ग्रॅम खाद्य लागतं. अख्ख्या बॅचच्या खाद्यात हा वाटा इतका लहान आहे की इथे पैसे वाचवण्यात अर्थ नाही.

६. पेपरवर किती खाद्य टाकायचं? पेपर कधी काढायचा?

चिक गार्डमधली निम्मी तरी जागा पेपरनं झाका आणि त्यावर पिल्लामागे ५० ग्रॅमच्या आसपास खाद्य पसरा. सगळं एकदम नको. पहिल्या दिवशी दर तीन-चार तासांनी मूठ-मूठ टाकत राहा. पेपरवर दाणा पडल्याचा आवाज आला की बसलेली पिल्लंही धावतात. रात्री एकटं असताना तो टपटप आवाज आणि मागून हजार पायांची सळसळ ऐकायला बरी वाटते, पण ते असो.

सोबत ५० पिल्लांमागे एक चिक फीडर आणि एक ड्रिंकर. पेपर तिसऱ्या-चौथ्या दिवशी काढा. घाण झालेला वरचा थर त्याआधीच उचला. गुळगुळीत रंगीत छपाईचा पेपर वापरू नका, त्यावर पाय घसरून पिल्लं फेंगडी होतात. पहिले तीन दिवस २३ तास उजेड ठेवा. एक तास अंधार मुद्दाम करा, नाहीतर पुढे वीज गेली की पिल्लं घाबरून एकमेकांवर चढतात. आणि आपल्याकडे वीज जातेच.

७. पिल्लांनी खाल्लं की नाही हे कळणार कसं? सगळीच चोच मारताना दिसतात.

या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

चोच मारणं म्हणजे खाणं नव्हे. पिल्लू तूसही टोचतं, पेपरवरची अक्षरंही टोचतं. पिल्लू हातात घ्या, अंगठा आणि तर्जनीनं गळ्याच्या खाली, छातीच्या वर उजव्या बाजूला हलकेच चाचपा. तिथे क्रॉप असतो, अन्न साठवायची पिशवी. बोटांना चार गोष्टी लागू शकतात. मऊ, भिजवलेल्या पोह्यासारखी गोळी लागली तर पिल्लानं खाल्लंय आणि प्यायलंय. कडक, दाणे जाणवणारी गोळी लागली तर खाल्लंय, पण पाणी सापडलेलं नाही. फुग्यासारखं पाणीच पाणी लागलं तर प्यायलंय, खाल्लेलं नाही. काहीच लागलं नाही तर ते पिल्लू अजून हॅचरीतच, म्हणजे अंडी उबवतात तिथेच, आहे असं समजा.

एकाच कोपऱ्यातली पिल्लं घेऊ नका. चिक गार्डच्या तीन-चार जागांवरून तीस-चाळीस उचला. पिल्लं टाकल्यावर दोन तासांनी शंभरात ७५ च्या क्रॉपमध्ये काहीतरी हवं. आठ तासांनी ८० च्या वर, बारा तासांनी ८५, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी ९५ च्या वर. सकाळी गाडी आली असेल तर रात्री दहाची तपासणी चुकवू नका. चूक सुधारता येईल अशी ती शेवटची वेळ.

मला विचाराल तर दुकानात जाण्याआधी ही मोजणी करा. क्रॉप रिकामे असताना पाण्यात घातलेली कुठलीही पुडी म्हणजे उपाशी माणसाला टॉनिकची बाटली. फोनवर कुणी "काय देऊ?" विचारलं की मी आधी "क्रॉप किती भरले?" विचारतो. उत्तर नसेल तर फोन ठेवून चाचपायला सांगतो.

८. क्रॉप अर्ध्याच पिल्लांचे भरलेत. फीड खराब आलं असेल का?

क्वचित. दहातले आठ वेळा ऊब कमी किंवा जास्त असते. थंड पिल्लू खात नाही, गोळा होऊन बसतं. तापलेलं पिल्लू चोच उघडून कडेला पळतं. पिल्लाचे पाय तुमच्या गालाला लावा. गार लागले तर ते खाण्याच्या मनःस्थितीत नाही. पिल्लांच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात ९० ते ९५ डिग्री फॅरनहाइट, म्हणजे ३२ ते ३५ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर भिंतीवर टांगलेला असेल तर तो भिंतीचं तापमान दाखवतो, त्याचा उपयोग नाही.

तूसही हातानं तपासा. हवा गरम असली तरी खालची फरशी गार असते. म्हणून पिल्लं यायच्या आदल्या दिवसापासून शेड तापवायला घ्या. तूस ओलसर, बुरशीचा वास येणारं असेल तर ते वापरूच नका, पिल्लांच्या फुप्फुसाला बुरशी लागते. मौदा-रामटेककडून येणारं धानाचं तूस पावसाळ्यात पोतं उघडून हुंगून घ्या.

ऊब बरोबर, पाणी बरोबर, तरी खात नाहीत, असं झालं तर मग फीड पाहा. पोत्यावरची तारीख, वास, गाठी.

९. मे महिन्यात पिल्लं टाकली. पारा ४५. खाद्य-पाण्यात काय बदल करायचा?

नागपूरच्या उन्हाळ्यात दिवसा ब्रूडर (पिल्लांना ऊब देणारं साधन) बंदच राहतो, गोंधळ पाण्याचा असतो. काळ्या प्लास्टिकच्या टाकीतलं दुपारी दोनचं पाणी हात भाजवतं. पिल्लू ते पीत नाही, आणि पाणी प्यायलं नाही की खाद्यही खात नाही. टाकी सावलीत घ्या, ओली पोती गुंडाळा, पाइपलाइन उन्हातून गेली असेल तर दुपारी दोन-तीनदा पाणी वाहून जाऊ द्या. ड्रिंकर दिवसातून चार वेळा रिकामे करून भरा.

पहिल्या दिवशी हजार पिल्लांना २०-२५ लिटर पाणी लागतं, आठवड्याच्या शेवटी ६५-७० लिटर. एरवी खाद्याच्या दुप्पट धरा, मे महिन्यात त्याहून बरंच जास्त. खाद्य पहाटे आणि रात्री गारव्यात हलवा म्हणजे तेव्हा खाल्लं जाईल. इलेक्ट्रोलाइट आणि क जीवनसत्त्व यांचा खरा उपयोग या महिन्यात आहे. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, बाकी वेळ साधं पाणी.

एक धोका लक्षात ठेवा. कूलर किंवा फॉगर थेट चिक गार्डवर नको. ४५ अंशांतही ओलं झालेलं पिल्लू वाऱ्यावर गारठतं.

१०. डिसेंबरात?

रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, त्यामुळे पडदे, ब्रूडर आणि दोन इंच जास्त तूस. कोळशाची शेगडी असेल तर वरच्या बाजूला हवा खेळती ठेवा, धुरानं पिल्लं झोपल्यासारखी मरतात. बाकी प्रश्न ८.

११. दुकानदारानं सात पुड्या दिल्या. व्हिटॅमिन, लिव्हर टॉनिक, कॅल्शियम, प्रोबायोटिक, अ‍ॅसिडिफायर... कोणत्या खरंच लागतात?

प्री-स्टार्टरच्या पोत्यात जीवनसत्त्वं, खनिजं, अमिनो आम्लं, कॉक्सीचं (कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाचं) औषध आणि बहुतेक वेळा बुरशीच्या विषावरचा बाइंडर आधीच असतो. पुडी म्हणजे त्याच्यावरची भर. ती भर कधी लागते ते सांगतो.

इलेक्ट्रोलाइट पहिल्या दिवशी, प्रवासानं थकलेल्या पिल्लांना. दुसऱ्या दिवशी बंद. बी-कॉम्प्लेक्स आणि अ-डी३-ई जीवनसत्त्वं तीन दिवस दिली तर बिघडत नाही. लसीच्या आदल्या-नंतरच्या दिवशी, हवामान अचानक बदललं तर त्यांचा फायदा दिसतो. प्रोबायोटिकवर माझा विश्वास इतरांपेक्षा थोडा जास्त आहे. मशीनमधून निघालेल्या पिल्लाला आई कोंबडी भेटत नाही, त्याच्या आतड्यात चांगले जंतू आपोआप यायला वेळ लागतो, आणि रिकाम्या घरात आधी कोण घुसतं त्यावर बरंच ठरतं. म्हणून ते द्यायचं तर पहिल्या दिवसापासून, विसाव्या दिवशी नव्हे.

अ‍ॅसिडिफायर, म्हणजे पाणी आंबट करणारी पुडी, बोअरच्या पाण्याचा पीएच आठच्या आसपास असेल तर उपयोगी (प्रश्न १३). लिव्हर टॉनिक पहिल्या आठवड्यात मी वापरत नाही. खाद्यात बुरशी असेल तर टॉनिकनं ती जात नाही, पोतं बदलावं लागतं.

कॅल्शियम मात्र या वयात नकोच. खाद्यात ते सुमारे एक टक्का असतंच. वरून दिलेलं सगळं लहान मूत्रपिंडावर पडतं (प्रश्न १७).

सातपैकी तीन ठेवा, चार परत करा. दुकानदार रागावेल, दोन दिवसांनी बोलेल.

१२. सगळ्या पुड्या एकाच टाकीत मिसळल्या तर?

पैसे टाकीत. क्लोरीन जीवनसत्त्वांना मोडतं आणि प्रोबायोटिकच्या जंतूंना मारतं. प्रोबायोटिक आणि अँटिबायोटिक एकत्र म्हणजे एका हातानं पेरायचं आणि दुसऱ्या हातानं तणनाशक मारायचं. एका वेळी एकच वस्तू, चार-सहा तासांत संपेल एवढ्याच पाण्यात. विरघळवलेलं जीवनसत्त्व रात्रभर टाकीत राहिलं तर सकाळी उरतो तो फक्त रंग, आणि पाइपात चिकट थर. त्या थरावर जंतू छान वाढतात.

लसीचं वेगळं आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी राणीखेतची लासोटा लस डोळ्यात थेंब टाकून देत असाल तर पाण्यातल्या क्लोरीनचा तिला त्रास नाही. पण पुढे गंबोरो रोगाची लस किंवा लासोटाचा दुसरा डोस पाण्यातून देताना आदल्या दिवसापासून क्लोरीन, अ‍ॅसिडिफायर, सगळं बंद. लसीच्या पाण्यात लिटरला अडीच ग्रॅम स्किम मिल्क पावडर घाला, उरलंसुरलं क्लोरीन ती निकामी करते.

१३. आमच्या बोअरचं पाणी जड आहे. भांड्यावर पांढरा थर बसते. पिल्लांना चालते का जी?

शहरात पेंचचं पाणी येतं, शेडवर आपलं बोअरच. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या, स्वस्तात मिळतं. १००० पीपीएमच्या आत असेल तर निर्धास्त राहा. त्याच्या वर गेलं की विष्ठा पातळ होते, गादी ओली राहते, आणि माणसं ते आजारपण समजून औषध देतात. जड पाण्यात दोन गोष्टी बिघडतात. टेट्रासायक्लिन जातीची औषधं कॅल्शियमला चिकटून निकामी होतात. आणि पाणी खारट असेल तर त्यावर इलेक्ट्रोलाइट म्हणजे मिठावर मीठ. अशा शेडवर इलेक्ट्रोलाइट निम्म्या मात्रेत किंवा फक्त पहिले काही तास द्या. शक्य असेल तर पहिला आठवडा टँकरचं किंवा फिल्टरचं पाणी वापरा. हजार पिल्लांना रोजचे काही डबेच लागतात, परवडतं.

१४. पहिले तीन दिवस अँटिबायोटिक सगळेच देतेत. द्यावं का?

सरसकट नको. बेंबी ओली, सुजलेली, पोट फुगलेलं, घाण वास, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मरतूक वाढलेली, तर तो नाभीचा संसर्ग असू शकतो. तेव्हा डॉक्टर सांगतील ते आणि तेवढे दिवस. धडधाकट पिल्लांना अँटिबायोटिक देऊन तुम्ही प्रश्न ११ मधलं रिकामं घर रिकामंच ठेवता. कोलिस्टिनची जुनी पुडी कुणाच्या कपाटात असेल तर ती वापरू नका. जनावरं, कोंबड्या आणि त्यांच्या खाद्यासाठी कोलिस्टिनच्या उत्पादन-विक्रीवर केंद्र सरकारनं जुलै २०१९ मध्ये बंदी घातली आहे.

१५. हळद, लसूण, उकडलेलं अंडं, संत्र्याचा रस? घरच्या घरी काही होऊ शकते का?

संत्र्याचा प्रश्न काटोल-नरखेडकडून दर हंगामात येतो. मृगबहाराची फळं गळतात, ती वाया जाऊ नयेत ही भावना मला समजते. पण कोंबडी क जीवनसत्त्व स्वतःच्या शरीरात तयार करते. फक्त कडक उष्म्यात तिला कमी पडतं. रसाच्या चोथ्यानं निपल (पाइपला लावलेल्या पाण्याच्या चोची) तुंबतात, साखरेमुळे चार तासांत पाणी आंबतं, माश्या येतात. संत्री गाईला घाला.

हळद-लसूण चिमटीभर दिल्यानं नुकसान नाही, पण लसीच्या किंवा उबेच्या जागी ती ठेवू नका. उकडलेलं अंडं पाच-दहा घरगुती पिल्लांना ठीक. हजार पिल्लांच्या शेडमध्ये, ३३ अंशांत, ते तासाभरात नासायला लागतं.

१६. पिल्लांच्या मागच्या जागी विष्ठा चिकटते. काय कमी पडते?

बहुधा काहीच कमी नाही, काहीतरी जास्त आहे. गोड पाणी, मीठ, गारठा किंवा खाद्य मिळायला झालेला उशीर. आधी ऊब तपासा, गुळ-इलेक्ट्रोलाइट बंद करा, साधं पाणी द्या. चिकटलेलं ओढून काढू नका, कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून मऊ करा, पुसून कोरडं करा आणि ब्रूडरजवळ सोडा. दोन-चार पिल्लं असतील तर विसरा. शंभरात दहाच्या वर दिसली तर प्रश्न ३ आणि ८ पुन्हा वाचा.

१७. सहाव्या दिवशी मर सुरू झाली. फाडून पाहिलं तर काळजावर पांढरा चुना. हे काय?

त्याला गाऊट म्हणतात. मूत्रपिंड थकलं की युरिक आम्ल बाहेर पडत नाही, हृदयावर, लिव्हरवर खडूच्या भुकटीसारखं साचतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणी पिल्लात पीठ भरलंय.

कारणं अनेक. प्रवासात किंवा पहिल्या दोन दिवसांत पाणी कमी मिळणं, खाऱ्या पाण्यात वर मीठ-सोडा, जादा कॅल्शियम, आणि काही वेळा विषाणू. खाण्याच्या सोड्याचा सल्ला गावोगाव फिरतो. मात्रा चुकली की तोच सोडा हे करतो. पाणी मोकळं आणि साधं करा, कॅल्शियम-सोडा-इलेक्ट्रोलाइटच्या पुड्या बंद करा, आणि ताजी मेलेली चार-पाच पिल्लं बर्फात ठेवून सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. संध्याकाळी मेलेलं पिल्लू दुसऱ्या दुपारी नेऊन उपयोग नाही, तोवर ते कुजलेलं असतं. फोटो पाठवून निदान मागू नका. फोटोत सगळंच पांढरं दिसतं.

१८. कराराच्या पिल्लांना माझ्या पैशानं टॉनिक दिलं तर चालेल?

पिल्लं आणि खाद्य कंपनीचं आहे, सुपरवायझरला विचारून द्या. हे सांगण्याचं कारण शिस्त नाही. त्यांच्या खाद्यात काय घातलंय ते तुम्हाला माहीत नसतं. खाद्यात सॅलिनोमायसिन किंवा मोनेन्सिन हे कॉक्सीचं औषध असेल आणि तुम्ही श्वासाच्या त्रासावर पाण्यातून टायमुलिन दिलंत, तर पिल्लं पाय पसरून पडतात आणि मरतात. दोन्ही औषधं चांगली, एकत्र विषारी. तुमच्या हातात जे आहे ते कराराच्या बाहेरचं नाही: पाणी, ऊब, पेपर, क्रॉप.

१९. सातव्या दिवशी वजन किती पाहिजे?

आलं त्या वजनाच्या चार ते साडेचार पट. पिल्लू ४२ ग्रॅमचं आलं असेल तर १७० ते १९० ग्रॅम. आल्या दिवशीचं वजन कुणी करत नाही, मग सातव्या दिवशी तुलना कशाशी करणार? डबा वजन करा, रिकाम्या डब्याचं वजन वजा करा, शंभरनं भागा. डब्यात शंभराच्या वर एक-दोन जास्त असतात, ते मोजून घ्या.

२०. परदेशात म्हणे पिल्लाला अंड्यातच खाऊ घालतात. खरं आहे का?

खरं आहे. झेहावा युनी आणि पीटर फर्केट यांनी हे तंत्र मांडलं आणि २००३ मध्ये अमेरिकेत त्याचं पेटंट झालं. सतराव्या-अठराव्या दिवशी अंड्यातल्या गर्भजलात पोषक द्रव टोचतात, पिल्लू बाहेर येण्याआधी ते गिळतं. नेदरलँड्समध्ये काही ठिकाणी हॅचरमध्येच खाद्य-पाणी असतं, काही ठिकाणी अंडी शेडवर नेऊन तिथेच पिल्लं काढतात. आपल्या शेडवर हे करायला जाऊ नका. पण एवढा खर्च लोक कशासाठी करतात ते पाहा: मधले ते काही उपाशी तास वाचवायला.

२१. गिरिराज, वनराज किंवा गावरान पिल्लांना हेच सगळं लागू?

पहिले दोन-तीन आठवडे ब्रॉयलरचं प्री-स्टार्टर आणि स्टार्टर चालतं. क्रॉप, ऊब, पाणी यांचे नियम तेच. वजनाचे आकडे मात्र लावू नका, ही पिल्लं ब्रॉयलरसारखी फुगत नाहीत. पुढे स्वस्त, कमी ऊर्जेच्या खाद्यावर न्या.

२२. गाडी अडकली. पिल्लं दीड-दोन दिवस डब्यातच आहेत. आता काय करू?

हा फोन मलाही एकदा करावा लागला होता. ट्रक कोंढाळीजवळ बंद पडला, हॅचरीवाला फोन उचलेना, आणि पिल्लं पोहोचली तेव्हा डब्यातून चिवचिव नव्हे, कण्हल्यासारखा बारीक आवाज येत होता.

डबे एकावर एक ठेवू नका, लगेच उघडा. ब्रूडरखाली कमी गर्दी करा, २५० च्या जागी २०० पिल्लं. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ग्लुकोज आणि इलेक्ट्रोलाइट, इथे दोन्ही एकत्र चालतं. पडून असलेल्या प्रत्येक पिल्लाची चोच बुडवा, मान वर करून गिळू द्या. ड्रॉपरनं घशात ओतू नका, श्वासनलिकेत जातं. दोन तासांनी प्री-स्टार्टर, तोवर पेपर कोरा ठेवा. नाहीतर तहानलेलं पिल्लू कोरडं खाद्य भरून घेतं आणि क्रॉपचा दगड होतो. सगळ्यात अशक्त पिल्लं वेगळ्या छोट्या गोलात ठेवा आणि त्यांना खाद्य पाण्यात ओलं करून, तासातासाला ताजं द्या.

सातव्या दिवशी वजन कमी भरेल. ते टॉनिकनं भरून काढायच्या मागे लागू नका, बॅच एक-दोन दिवस जास्त ठेवायची तयारी करा आणि व्यापाऱ्याला आधीच सांगा. पावती, गाडी पोहोचल्याची वेळ आणि डब्यांतल्या मेलेल्या पिल्लांचा मोजून घेतलेला आकडा ड्रायव्हरसमोर कागदावर लिहून त्याची सही घ्या. मी घेतली नव्हती.